संध्याताईंच्या पाळणाघरातला पोतेवाला

नाशिकला अंबडच्या कारखान्यांमागे घरांची जी लांबलचक रांग आहे, तिथे संध्या पवारला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. कंपनीत कामाला जाणाऱ्या बायका सकाळी आपली पोरं तिच्याकडे सोडतात आणि शिफ्ट सुटली की घेऊन जातात. पोरं तिच्याकडे जेवतात, झोपतात, एकमेकांना चावतात, आणि संध्याकाळी आईला बघितलं की असा गळा काढतात की वाटावं, या बाईने दिवसभर त्यांना उपाशीच ठेवलंय. आयांना ही नाटकं पाठ आहेत. "संध्याताई आहे म्हणून माझी नोकरी आहे," असं तृप्ती चारचौघांत सांगते. तृप्तीचा रुद्र चार वर्षांचा आहे आणि अख्ख्या पाळणाघरात त्याच्याइतकं डोकं खाणारं दुसरं पोर नाही.

गल्ली तशी चांगली आहे. इथे जातपात कोणी पाळत नाही, हे गल्लीतला कोणीही तुम्हाला न विचारता सांगेल. आडनाव तेवढं विचारतात. आडनावावरून नाही उमगलं, तर गाव विचारतात. संध्याचं आडनाव पवार, त्यामुळे पुढचं विचारायची गरज कधी कोणाला पडली नाही. गाव पेठकडचं, असं ती सांगायची आणि त्याच दमात "आज डब्याला काय दिलंस गं?" असं विचारून विषय पालटायची. कोकणा आदिवासींतही पवार असतात, हे गल्लीला ठाऊक नव्हतं आणि संध्याने ते ठाऊक करून दिलं नव्हतं. ती खोटं कधी बोलली नाही. समोरच्याने आपल्या मनाने ठरवलं, तिने ठरवू दिलं.

हे शहाणपण ती पोटातून घेऊन आली नव्हती. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर तिचा जन्म झाला. भाताची कापणी आटोपली की आईबाप दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला जायचे आणि पोरगी आश्रमशाळेत राहायची. तिथे एक गुरुजी होते. उत्तर चुकलं की नाव न घेता "ए जंगल, उभी राहा," म्हणायचे. सगळ्यांनाच म्हणायचे, त्यामुळे तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, अंबडला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागल्यावर. तिथे एका बाईचा मोबाइल सापडेना. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. फक्त सगळ्या जणी एकदम सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आलेल्या एका सावळ्या पोरीकडे बघायला लागल्या. मोबाइल संध्याकाळी त्या बाईच्याच पिशवीत तळाशी निघाला. त्या पोरीला सॉरी कोणी म्हटलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही.

संध्यानेही त्या पोरीकडेच पाहिलं होतं. सगळ्यांबरोबर पाहिलं की आपल्याकडे कोणी पाहत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि ते तिने जन्माचं गाठीला बांधलं. मग 'नाय'चं 'नाही' झालं, 'आहा'चं 'आहे' झालं. लग्न झालं ते दत्तूशी. तो तिच्याच समाजाचा, कामगारांची बस चालवणारा, मोकळ्या स्वभावाचा माणूस. तो म्हणायचा, "सांगून टाक ना एकदा. काय फाशी देणारेत?"

"तुझं बरंय," संध्या म्हणायची. "तुझ्या बसमध्ये माणसं बसतात आणि उतरतात. माझ्याकडे लोक पोटची पोरं ठेवतात."

ती म्हणत होती ते खरं होतं. मोलकरणीवर नजर ठेवता येते, पण एखादीच्या हाती पोर सोपवायचं म्हणजे डोळे मिटून विश्वास टाकायचा, आणि लोकांचा हा विश्वास कशाकशावर उभा असतो हे संध्याला पक्कं माहीत होतं. त्यामुळे तिच्या पोटात कायम एक भीती असायची. दाराची बेल वाजली की ती लख्ख जागी व्हायची. पाड्यावरचं कोणी नाशिकला आलं की ती स्वतःच द्वारका चौकात नाहीतर स्टँडवर जाऊन भेटायची, चहा पाजायची, पोरांसाठी खाऊ द्यायची आणि तिथूनच वाटेला लावायची. बाप, चंदर, दर होळीला विचारायचा, "तुना घर कधी बघाया येव?" ती म्हणायची, ऊन उतरू दे, बा. दिवाळीला विचारायचा, तेव्हा म्हणायची, थंडी सरू दे. चंदर भोळा असेल, पण बावळट नव्हता. नुसती मान हलवायचा.

आता त्या पोतेवाल्याचं सांगायला हवं. हल्लीची पोरं बागुलबुवाला भीक घालत नाहीत. भुतं-राक्षस त्यांनी मोबाइलवर नाचताना पाहिलेले असतात. जेवणाच्या वेळी ही पलटण संध्याला रडकुंडीला आणायची. शेवटी एका दुपारी वैतागून तिने आपलाच एक राक्षस काढला. पोतेवाला. काळा कुळकुळीत, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात चप्पल नाही, कमरेला कोयता आणि खांद्यावर पोतं. डोंगरातून येतो. जे पोर वरणभात संपवत नाही, त्याला पोत्यात घालून डोंगरात घेऊन जातो. पोरांनी डोळे विस्फारले आणि ताटं चाटून पुसून स्वच्छ केली. रुद्रसुद्धा जेवला! तृप्ती तर इतकी खूश झाली की घरीही तिने पोतेवाल्याला कामाला लावलं. हा राक्षस आपण कुठून आणला, हे संध्याने स्वतःला कधी विचारलं नाही. पोरं जेवत होती, तेवढं तिला पुरेसं होतं.

फेब्रुवारी लागला आणि गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज यायला लागले. गोरक्षचं कोपऱ्यावर पाइप-फिटिंगचं दुकान आहे आणि ग्रुपही त्याचाच. कुठल्या तरी गावातला, कधीचा तरी एक व्हिडिओ आला. त्यात एक बाई छाती पिटून रडत होती. तो खरा की खोटा, आपल्याकडचा की परमुलखातला, हे कोणी विचारलं नाही. असल्या गोष्टी बघून आधी पोटात गोळा येतो, आणि एकदा गोळा आला की माणूस विचारायचं विसरतो. तृप्ती मशीनवर उभी राहून जेवणाच्या सुट्टीत फोन करायची, "ताई, कडी लावलीस ना? रुद्र दिसतोय ना तुला?" ती नाटक करत नव्हती. संध्याही घाबरलीच होती. तिने दाराला दुसरी कडी बसवून घेतली आणि ग्रुपवर तसं कळवलं. सगळ्यांनी तिला जोडलेले छोटे छोटे हात पाठवले.

अशा दिवसांत एका दुपारी पोरं झोपली होती. संध्या ऊन आत येतंय म्हणून पडदा सरकवायला खिडकीशी गेली, आणि समोर बदामाच्या झाडाखाली तिला तिचा बाप दिसला.

उकिडवा बसला होता. डोक्याला टॉवेल, पाय धुळीने पांढरे, शेजारी पोतं. बागेतलं काम संपवून परस्पर आला असणार, दत्तूकडून कधी तरी पत्ता विचारून ठेवला असणार. संध्याला एकदम हसू फुटलं. बा आला! पोरीचं घर शोधत, बस बदलत, या कारखान्यांच्या जंगलातून विचारत विचारत बरोबर आला. पण तो आनंद फार टिकला नाही. त्याच्या पाठोपाठ भीती आली.

चंदरने वर पाहिलं. बापलेकीची नजरानजर झाली. तो उठला नाही, हाकही मारली नाही. पाड्यावरची रीतच तशी. बाप लेकीच्या सासरी गेला की दार वाजवत नाही. समोर बसून राहतो. घरात काय चाललंय, कोण पाहुणे आहेत, नवराबायकोचं काही बिनसलंय का, हे बाहेरच्याला काय ठाऊक? म्हणून वेळ लेकीने ठरवायची. तिने तांब्या भरून बाहेर यायचं, बापाच्या पायावर पाणी घालायचं आणि मग त्याला घरात न्यायचं. आणि बाप एकदा बसला की पाणी आल्याशिवाय उठत नाही. लेकीच्या दारातून कोरड्या पायाने उठणं म्हणजे नातंच संपलं, असं तिकडे मानतात.

संध्याने तांब्या भरला. दारापर्यंत गेली. फटीतून पाहिलं, तर घरमालकीण सगुणाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती आणि पलीकडच्या दोघी तिच्याशी बोलत उभ्या होत्या. संध्याने तांब्या दाराशी खाली ठेवला. तिने स्वतःला समजावलं, थोडाच वेळ. आया येतील, आपापली पोरं नेतील, गल्ली मोकळी होईल, की लगेच जाते. बा बसेल. त्याला बसायची सवय आहे. ती परत खिडकीशी आली आणि बाप बघत असताना तिने पडदा ओढून घेतला.

मग तिने दत्तूला फोन लावला. तो गाडीवर असताना फोन बंद ठेवायचा, तसा तो बंदच होता. तिला काही सुचेना. एकदा वाटलं, मागच्या दाराने जाऊन बापाला हळूच गाठावं आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर थांब म्हणून सांगावं. पण मागे दारच नव्हतं. भीतीने माणूस आपल्या घराला किती दारं आहेत हेही विसरतो.

एवढ्यात रुद्र उठला. झोपेतून उठून तो सरळ खिडकीकडे गेला आणि पडद्यात डोकं घातलं. पोराचं तोंड दिसल्यावर चंदरचा चेहरा खुलला. लेकीच्या घरातलं पोर, म्हणजे आपलंच की. त्याने पोत्यात हात घालून मूठभर बोरं काढली आणि बसल्या जागेवरून हात लांब केला.

"पोतेवाला!" रुद्र किंचाळला. "संध्याताई, पोतेवाला आला! तो बघ! पोतं पण आहे!"

झोपलेली पोरं दचकून उठली आणि एका सुरात रडायला लागली. एक जण टेबलाखाली शिरला. संध्याने त्यांना कवेत घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "नाही रे राजा, तो पोतेवाला नाही," ती म्हणाली.

"मग कोण आहे?" रुद्रने विचारलं.

"खिडकीपासून लांब व्हा बरं सगळे," ती म्हणाली.

रडणं ऐकून सगुणाबाईने ओट्यावरून आवाज दिला, "संध्या, काय झालं गं? आणि हा मेला कोण बसलाय मघापासून? तुझ्याच घराकडे टक लावून बघतोय!"

संध्याने दार किलकिलं केलं. "काय माहीत, मावशी," ती म्हणाली आणि दोन्ही कड्या लावल्या.

ती तिथेच भिंतीला टेकली. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर फोटो आला होता. बदामाचं झाड, खाली तिचा बाप, हातात बोरं, आणि वर लिहिलं होतं: पाळणाघरासमोर, पोरांना खायला देतोय. पुढचे मेसेज धडाधड आले. बघून ठेवा. सोडू नका. पोलीस येईपर्यंत धरून ठेवा. तृप्तीने लिहिलं, निघाले मी. संध्याने लिहायला घेतलं, 'अहो तो', आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं.

बाहेर पावलं वाजायला लागली. गोरक्ष आला, त्याच्या दुकानातली दोन पोरं आली, शेजारच्या गल्लीतली कधी न पाहिलेली माणसंही आली. घोळका जमायला आपल्याकडे आमंत्रण लागत नाही. संध्या पडद्याआड उभी राहून ऐकत होती.

"कोणाकडे आलास?" गोरक्षने विचारलं.

"कुनाकडं नाय," चंदर म्हणाला. "बसलोय."

संध्याने तोंडावर हात दाबला. पडदा ओढलेला त्याने पाहिला होता. लेक आपलं नाव घेत नाही, म्हणजे तिची काहीतरी अडचण असणार. मग आपणही तिचं नाव घ्यायचं नाही, एवढं त्या माणसाने तिथे बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं.

"कुनाकडं नाय तर ऊठ इथून. चल, नीघ," गोरक्षने त्याच्याच सुरात ऐकवलं.

"उठतो ना. जरा बसून."

"अरे, पण कशाला बसायचंय? कोणाची वाट बघतोस? अजून किती जण आहेत तुझे?"

चंदर उठला नाही. तो ज्याची वाट बघत होता, ते पाणी दाराच्या आत तांब्यात भरून ठेवलेलं होतं.

कोणीतरी पोत्याला लाथ मारली. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ रस्त्यावर सांडलं, बोरं गडगडत गेली आणि त्यांच्यामागून कोयता बाहेर पडला. डोंगरात बाप्या माणूस कोयत्याशिवाय घराबाहेर पडत नाही. लाकूड तोडायला, वाट काढायला तोच लागतो. पण अंबडच्या गल्लीत कोयता म्हणजे कोयताच. "हत्यार आहे! हत्यार!" असा ओरडा झाला आणि मोबाइल वर झाले. तेवढ्यात तृप्ती कंपनीच्या एप्रनवरच धावत आली. तिचा श्वास लागला होता, केस सुटले होते. ती घोळक्यात घुसली आणि चंदरच्या समोर जाऊन ओरडली, "माझ्या पोराला काय चारत होतास? बोल! काय होतं त्यात?" आणि तिने त्याच्या तोंडात मारली.

ती पहिली. मग बाकीच्यांना वाट मोकळी झाली. एकाने टॉवेल ओढला, एकाने हात पिरगाळला. चंदरने डोकं गुडघ्यांत घातलं आणि वर दोन्ही हात धरले. तो ओरडत नव्हता. संध्याला त्याची पाठ दिसत होती आणि त्या पाठीवर पडणारे हात दिसत होते. आपण आता बाहेर गेलो तर काय काय होईल, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून सरकत होतं. पोरं जातील, घर सोडावं लागेल, गल्लीत सगळे त्या एका तऱ्हेने बघतील. आणि नाही गेलो तर काय होईल, तेही ती खिडकीतून बघत होती.

तिच्या कमरेशी रुद्र येऊन उभा होता. खिडकीच्या गजांना धरून, टाचा उंचावून तो बघत होता. त्याचं रडणं थांबलं होतं. "मारा त्याला!" तो आनंदाने ओरडला. "पोतेवाल्याला मारा!" बाकीची पोरंही टाळ्या पिटायला लागली, "मारा! मारा!"

संध्याने त्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं. बाहेरच्या घोळक्याची तिला इतका वेळ भीती वाटत होती. पण या चार वर्षांच्या लेकराच्या आवाजाने ती मुळापासून हादरली. तो तिचेच शब्द बोलत होता. तिने शिकवलेलं तिला म्हणून दाखवत होता.

तिने कड्या काढल्या. एक काढताना बोट चेमटलं, ते तिला कळलंही नाही. तांब्या उचलला आणि ती माणसांना ढकलत घोळक्यात शिरली. "ताई, तुम्ही कशाला आलात? पोरांजवळ थांबा," गोरक्ष म्हणाला. तिने ऐकलं नाही. ढकलाढकलीत अर्धं पाणी तिच्याच साडीवर सांडलं. उरलेलं तिने वाकून चंदरच्या धुळीने भरलेल्या पायांवर घातलं.

"बा," ती म्हणाली. "घरा चाल."

या गल्लीत ती तिच्या आईच्या बोलीत आजवर कधी बोलली नव्हती. शब्द तीनच होते, पण उगारलेले हात खाली आले. पिरगाळलेला हात कोणीतरी सोडून दिला.

"ओळखीचे आहेत का, ताई?" गोरक्षने विचारलं. मघाचा 'तू' आता 'आहेत'वर आला होता.

"माझा बाप आहे."

तृप्तीने कपाळाला हात लावला. तिला खरोखरच हायसं वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई! मग आधी सांगायचंस ना गं! माझा तर जीवच गेला होता. आम्हाला वाटलं, कोणी आदिवासी-बिदिवासी आहे."

"आदिवासीच आहे," संध्या म्हणाली. "मीही."

तृप्तीने संध्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे, गजांना धरून उभ्या असलेल्या रुद्रकडे पाहिलं. मग पुन्हा संध्याकडे. ही नजर संध्याला अनोळखी नव्हती. पॅकिंगच्या खोलीत ती स्वतः अशीच वळली होती.

घोळका जसा आला तसा पांगला. "गैरसमज झाला, बाबा. दिवसच तसे आहेत," असं म्हणून गोरक्षने ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. कोयता त्याने उचलून दिला, तो चंदरच्या हातात नाही, संध्याच्या हातात. "इतकी वर्षं माझ्या घरात राहतेस, पण बोलली नाहीस हो," एवढं बोलून सगुणाबाई तांदळाचं सूप घेऊन आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. रस्त्यावर सांडलेलं पीठ तसंच राहिलं. वाऱ्याने ते हळूहळू सगळ्यांच्या उंबऱ्यांकडे जात होतं.

आया आल्या आणि पोरं घेऊन गेल्या. रोज दारात उभं राहून अर्धा तास गप्पा मारणाऱ्या बायका आज घाईत होत्या. तृप्ती शेवटी आली. रुद्रला कडेवर घेताना तिने त्याची गोधडी, पाण्याची बाटली आणि जास्तीचे कपडेही पिशवीत भरले. "उद्या मी बहुतेक सुट्टी घेतेय," ती संध्याकडे न बघता म्हणाली. दारातून बाहेर पडताना थांबली. "मी हात उचलला, त्याचं... मला वाटलं नव्हतं गं." एवढं बोलून ती गेली.

संध्याला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून तिला स्वतःची जास्तच भीती वाटली. मारलं तृप्तीने, हे खरं. पण कोणाला मारायचं, ते पोरांना कोणी दाखवून ठेवलं होतं? उद्या दार उघडल्यावर समोर कोणी असेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. पण आज ही पोरं टिकावीत एवढ्यासाठी ती दार लावून बसली होती, आणि तेवढ्यात बाहेर बापाचा जीव गेला असता.

आत चंदर टॉवेल मांडीवर घेऊन पोरांच्या चटईवर बसला होता. खालचा ओठ सुजला होता. संध्याने हळद लावली, चहा ठेवला. तो मात्र भिंतीवरची अक्षरं, पंखा, रंगीत ठोकळे असं सगळं मान वळवून वळवून बघत होता. "घर चांगला आहा," तो म्हणाला. "उजेड लय आहा."

तिने बशीत चहा ओतून दिला. ओठ दुखत असल्यामुळे त्याला फुंकर घालता येईना. तो निवायची वाट बघत बसला.

"पानी आनाया येळ लागला, बाय," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. उलट तिचं मन राखायला, थोडं हसून पुढे म्हणाला, "त्या दुकानवाल्याला भ्यालीस ना? मी पन भ्यालो. लय दांडगा गडी आहा."

हो म्हणणं सोपं होतं. तो त्यासाठीच विचारत होता. संध्याने पदराने डोळे पुसले आणि बापाकडे पाहिलं.

"नाही, बा," ती म्हणाली. "मी तुला भ्याले."

चंदर हसत होता, तो हळूहळू थांबला. मग त्याने मांडीवरचे आपले दोन्ही काळे, राकट हात उचलले आणि कोणाला दिसू नयेत तसे टॉवेलाखाली घेतले.